वरखालीची तक्रार

हरल्यावर 'आपण वाईट खेळलो' असं वाटणारी माणसं जगात फार थोडी. बाकी सगळ्यांना पत्ते वाईट आलेले असतात. आणि पत्ते वाईट आले म्हणजे ते कुणीतरी मुद्दाम दिलेले असतात. हा मुद्दाम देणारा कोण, तो बसतो कुठे, त्याचं आपल्याशी काय वाकडं आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. पण तो असतो, आणि त्याच्याविरुद्ध लिहिलेली सगळी पत्रं शेवटी तिच्या टेबलावर येऊन पडत.

टेबल तरी कसलं, लांबच्या लांब फळीचा एक तुकडा. दोन्ही बाजूंना आडोसे, समोर स्क्रीन, आणि पाठीवर कायमचा एसीचा झोत. ऑनलाइन पोकर चालवणाऱ्या एका कंपनीच्या मदत कक्षात ती कामाला होती. कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाचं अ‍ॅप उघडेना, असल्या सरळसाध्या दुःखांची टेबलं वेगळी. हिच्याकडे 'पत्तेवाटप'. म्हणजे दिवसभर नुसता संशय.

'माझ्याकडे राजांची जोडी असताना समोरच्याला बरोबर शेवटच्या पत्त्याला एक्का कसा आला?' 'तुमचा कंप्युटर माझ्यावर डूख धरून आहे.' 'इतके दिवस गप्प बसलो, आता बसणार नाही.' एकानं तर रागाच्या भरात फोडलेल्या फोनचा फोटो पाठवला होता, आणि तो भरून मागितला होता.

उत्तरं ठरलेली असत. त्यातलं एक वाक्य तिला सुरुवातीला फार आवडायचं: 'आमच्या खेळात पत्ते संगणक पिसतो आणि तो कुणालाही ओळखत नाही.' आता त्या वाक्याचाही वीट आला होता. ते बोटांतून आपसूक उतरायचं, डोक्याला त्याचा पत्ताही लागायचा नाही. घरी गेल्यावर नवऱ्यानं 'चावी कुठे ठेवलीस?' विचारलं तरी 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे तिच्या ओठांवर येऊन परत जायचं. थकायला ओझीच उचलावी लागतात असं थोडंच आहे?

तर अशातच एक दिवस 'वरखाली' नावाच्या खेळाडूची तक्रार आली.

'महोदय, सविनय कळविण्यात येते की, आपल्याकडील पत्तेवाटपात गंभीर दोष आहे. मी गेली अनेक वर्षे पत्ते खेळत असून मला इतके हीन दर्जाचे पत्ते आजवर कधीही आलेले नाहीत. तरी दोषाची तत्काळ दुरुस्ती व्हावी. कळावे, लोभ असावा.'

पोकरच्या कंपनीकडे लोभ मागणारा माणूस जगात एकच होता. तो तिचा बाप होता.

बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. 'आमचा धंदाच वरखाली' हा त्यांचा एकुलता एक विनोद, तो त्यांनी नाव म्हणून लावला होता. आणि तक्रार हा त्यांचा स्वभाव. नळाला पाणी कमी आलं, पेपर दुमडून टाकला, घड्याळाच्या सेलनं वर्ष काढलं नाही, की बाबा कागद ओढत. त्यांची तक्रार खोटी मात्र कधी नसे. काहीतरी बिघडलंय हे त्यांना आवाजावरून कळायचं, आणि बिघडलेलं आहे तर ते दुरुस्त झालंच पाहिजे, इतकं सरळ त्यांचं गणित.

खरं तर हे अ‍ॅप त्यांच्या फोनमध्ये तिनंच टाकलं होतं. आई गेल्यावर बाबा खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले ते बसलेच. आंघोळ सांगितली की करायची, ताट पुढे आलं की जेवायचं. बंद पडलेल्या लिफ्टसारखे दोन मजल्यांच्या मधे अडकून राहिले होते. शेवटी तिनं फुकट खेळायचं टेबल उघडून दिलं. तिथं पैशाचा संबंध नाही, नुसत्या नावाच्या चिप्स. पहिल्याच आठवड्यात बाबा फोनशी भांडायला लागले आणि ती देवाला हात जोडून मोकळी झाली. आपण त्याच कंपनीत कामाला आहोत हे मात्र तिनं त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर रोज संध्याकाळी 'तेवढं आतून बघून घे की जरा' हे ऐकावं लागलं असतं.

तिनं ठरलेलं उत्तर पाठवलं. बाबांना ते पटलं नाही. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, मग तिसरं, मग मोजदाद सुटली. 'आपले उत्तर मिळाले. ते माझ्या तक्रारीचे उत्तर नाही.' हेही त्यांचं खरंच होतं.

टीमची मुख्य असलेली बाई एकदा तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. ती वाईट नव्हती, फक्त तिचं जेवण नेहमी राहिलेलं असे.

"हा वरखाली कोण गं? एकटाच आपली निम्मी रांग अडवतोय."

"म्हातारा माणूस असावा."

"असेल. पण वरून आलंय, असल्यांना शेवटचं सांगायचं. अजून एक तक्रार आली की खातं बंद. तसं लिहून टाक आजच."

तिनं लिहिलं. दुसरं काय करणार? आपल्याच बापाला लिहिलं, की 'यापुढे याच विषयावर तक्रार आल्यास आपलं खातं कायमचं बंद करण्यात येईल.' लिहिताना तिला ती खिडकीपाशी ओढलेली खुर्ची दिसत होती. खातं गेलं की बाबा पुन्हा त्या खुर्चीत जाणार, आणि या वेळी तिथून उठतील की नाही याची तिला खात्री नव्हती. आणि ते तक्रार करायचे थांबणार नाहीत, याची मात्र पक्की खात्री होती.

दुपारी चहाच्या मशीनपाशी तिला आकडेवाला भेटला. पिसणं सरळ होतंय की नाही ते तपासणं हे त्याचं काम. पोरगेलासा, सदा हसरा. तिनं त्याला वरखालीचे सगळे डाव काढून बघायला सांगितलं. मनात कुठेतरी वेडी आशा होती, की खरंच काहीतरी बिघडलेलं निघेल. बाबांना लिहिता येईल, 'आपलं बरोबर होतं, दुरुस्ती केली आहे.' किती आनंद झाला असता त्यांना!

संध्याकाळी त्याच मशीनपाशी त्यानं सांगितलं, "काहीही नाही. उलट तुमच्या या काकांना चांगले पत्ते थोडे जास्तच आलेत. खेळतात मात्र... काय सांगू! हातात काही नसताना ठाण मांडून बसतात."

"पण ते म्हणतात, आधी त्यांना असे पत्ते येत नसत."

"मग आधीचा वाटणारा तपासा," तो हसत म्हणाला आणि आपला कप उचलून गेला.

ती मात्र तिथंच उभी राहिली. कारण आधीचा वाटणारा, म्हणजे वाटणारी, तिला चांगलीच माहीत होती.

त्यांच्या घरी रविवार दुपार पत्त्यांची असे. जेवणाचं टेबल पुसून त्यावर चादर अंथरायची, तुटक्या-सुट्या बटणांचा डबा मधे ठेवायचा, आणि बाबा, मामा, समोरच्या दारातले ड्रायव्हरकाका असे तिघं बटणं लावून पोकर खेळायला बसायचे. आई कधीच खेळली नाही. ती नुसती वाटायची. इतर घरांत वाटणी फिरते, इथं ती आईकडेच. पत्ते काटायला ती कुणाला द्यायची नाही. "का, माझ्यावर विश्वास नाही?" असं एकदा विचारलं की कोण कशाला हात पुढे करतोय?

आई बाइंडिंगच्या कारखान्यात होती. छापून, घडी होऊन आलेले पुस्तकाचे भाग, ज्यांना ते लोक फर्मे म्हणत, ते एकावर एक लावायचं काम. दिवसभर फर्मे उचलून तिच्या बोटांना अशी सवय झाली होती, की गठ्ठ्यातला वरचा कागद कुठला आणि खालचा कुठला हे डोळ्यांना कळायच्या आत हातात आलेला असे. लहानपणी ही आईच्या खुर्चीशी, टेबलाखाली लोळत असायची. वर बसलेल्यांना जे दिसत नव्हतं ते तिला खालून दिसलं: सगळ्यांना वरचा पत्ता जायचा आणि बाबांना खालचा. टाकलेले पत्ते गोळा करतानाच आई एखादी जोडी खाली सरकवून ठेवायची. आणि बाबांची पाळी आली, की नेमकी मान वर करून विचारायची, "चहा टाकू का कुणाला?" सगळे तिच्या तोंडाकडे बघायचे. हाताकडे कोण बघणार!

पुढे मोठी झाल्यावर तिनं आईला धरलंच. आई मुळीच लाजली नाही.

"लिफ्ट चालते तेव्हा लिफ्टवाला कुणाला आठवतो? बंद पडली की सगळी इमारत त्यांच्या अंगावर येते. सहा दिवस ऐकून घेतात बिचारे. एक दुपार जिंकले तर कुणाचं काय गेलं? बटणंच आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "दर वेळी नाही हं जिंकवत. मधून मधून हरवते. नाहीतर त्यांना आवाजावरून कळेल."

त्या दिवशी आईनं तिलाही ते शिकवलं. अंगठा असा, दोन बोटं तशी, आणि चेहरा भलतीकडे. मायलेकी पोट धरधरून हसल्या होत्या.

म्हणजे बाबा खरंच बोलत होते. त्यांना इतके हीन पत्ते आजवर कधीच आले नव्हते. जन्मभर त्यांना लावलेले पत्ते मिळाले होते. सरळ वाटलेले आता कुठे मिळू लागले होते, आणि त्यांना वाटत होतं की यंत्रात बिघाड आहे. हे कसं सांगायचं त्यांना? आपण पत्त्यांत कुणाला हार जाणारे नाही, एवढा एकच तोरा त्यांनी आयुष्यभर मिरवला होता. तो काढून घ्यायचा म्हणजे आईलाच लबाड ठरवायचं. न सांगावं तर पुढच्या पत्राला खातं बंद.

तिनं मामाला फोन लावला.

"मामा, आई पत्ते लावायची. ठाऊक होतं तुला?"

"अगं, मला ठाऊक होतं, ड्रायव्हरला ठाऊक होतं. तुझ्या बापाला तेवढं नव्हतं." मामा खोकत हसला. "पहिल्यांदा कळलं तेव्हा मी उठून निघालो होतो. तुझ्या आईनं जिन्यात गाठलं. म्हणाली, दादा, बस ना. मग बसलो ते बसलोच. इतकी वर्षं हरायला काय कमी मेहनत लागते?"

रविवारी ती मामाला घेऊन बाबांकडे गेली. ड्रायव्हरकाका आता मुलाकडे राहायला गेले होते, त्यामुळे खेळायला दोघंच, आणि ती वाटायला. तिचा बेत साधा होता. घरी चार डाव जिंकले की बाबांचा जीव निवेल, राग उतरेल, पत्र लांबेल. त्यापुढचं तिला दिसत नव्हतं, आणि बघायचं त्राणही नव्हतं.

टेबल आईच्या वेळचंच. डबा शोधायला वेळ लागला, कारण बाबांनी तो आईच्या शिवणाच्या पिशवीत जपून ठेवला होता. चादर अंथरताना बाबांनी कोपरे ओढून ओढून सरळ केले.

"त्या कंपनीनं मला धमकी दिलीय, सांगितलं का तुला? खातं बंद करतो म्हणतात. म्हणजे चोर तो चोर आणि वर शिरजोर!"

"जाऊ द्या हो बाबा."

"जाऊ कसं द्यायचं? उद्या लिहिणार आहे मी. शेवटचं आणि सविस्तर."

तिनं पत्ते पिसले. सुरुवातीला सरळच वाटले, कारण हात धजेना. आणि झालं काय, बाबा हरले. पुन्हा हरले. हातात काही नसताना शेवटपर्यंत बसून राहायचे आणि मामा जोडी दाखवायचा. बटणांचा ढीग मामाकडे सरकत गेला. जिंकायची सवय नसल्यामुळे मामालाही तो ढीग कुठे ठेवावा कळेना. बाबांचा चेहरा उतरत चालला. मग हातातले पत्ते टाकत ते म्हणाले,

"ती गेली आणि माझा हातच गेला बघ. इथंही तेच."

बस्स. पुढच्या डावाला तिनं पडलेल्या पत्त्यांतून दोन राजे उचलले आणि गठ्ठ्याखाली सरकवले. अंगठा असा, दोन बोटं तशी. मामाला वरचा पत्ता दिला. बाबांच्या वेळेला मान वर केली, आणि तोंडातून आपोआप निघालं, "चहा टाकू का कुणाला?"

मामानं सवयीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. बाबांनीही पाहायला हवं होतं. पण ते तिच्या हाताकडे बघत होते. आईचा हात सराईत होता, हिचा नव्हता. पत्ता खालून निघताना किंचित घासला होता, आणि बाबांना आवाजावरून कळायचं.

त्यांनी आपले दोन्ही पत्ते उचलले, बघितले, आणि उताणे टेबलावर ठेवले. दोन राजे.

"पुन्हा धर," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"पत्ते. आत्ता धरले होतेस तसे धर."

तिनं धरले. बाबा पुढे वाकून तिचा अंगठा बघत राहिले, लिफ्टची दोरी बघायचे तसे. मग अगदी हळू म्हणाले, "ती असेच धरायची. मला वाटायचं, कारखान्याची सवय आहे."

मामा एक बटण उलटंसुलटं करत होता.

"तुला ठाऊक होतं?" बाबांनी त्याला विचारलं.

"होतं, दाजी."

"ड्रायव्हरला?"

"त्यालाही."

"म्हणजे मी एकदाही..."

"एखाद-दुसऱ्यांदा जिंकला असाल की," मामा म्हणाला, आणि मग न राहवून, "पण खरं सांगू का दाजी, तुम्ही फार वाईट खेळता हो."

बाबा हसतील असं तिला क्षणभर वाटलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दोन राजे त्यांनी गठ्ठ्यात परत ठेवले आणि बटणं एकेक करून डब्यात टाकली. मग म्हणाले, "चहा टाक. विचारलंस ना?" ती स्वयंपाकघरात गेली आणि गॅससमोर उभी राहून रडली. बापाला वाचवायला म्हणून हात लावला, आणि उघडं पाडलं ते आईला, दुसरं काय केलं आपण?

निघताना बाबा खुर्चीत बसलेले होते. खुर्ची खिडकीपाशी होती.

सोमवारी ती रांग उघडायलाच घाबरत होती. आणि व्हायचं तेच झालं: सगळ्यात वर 'वरखाली'. शेवटचं आणि सविस्तर. मुख्य बाईनं नुसतं नाव आधीच पाहिलं होतं. ती लांबूनच ओरडली, "आलं ना तुझ्या वरखालीचं पत्र? आता करून टाक बंद."

तिनं पत्र उघडलं.

'महोदय, सविनय कळविण्यात येते की, मी माझी तक्रार मागे घेत आहे. आपल्याकडील पत्तेवाटप सरळ आहे, याची माझी खात्री झाली आहे. दोष आमच्या घरच्या वाटपात होता. तो इतकी वर्षे माझ्या लक्षात आला नाही, याचे कारण तो माझ्या बाजूने होता. आपणांस दिलेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. खाते चालू ठेवावे. मला हरण्याची सवय नाही, ती आता करून घ्यावी लागेल. आमच्या घरी पत्ते वाटणारी व्यक्ती हयात नाही. तिच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. कळावे, लोभ असावा.'

तिनं ते पुन्हा वाचलं. मग अक्षरं दिसेनाशी झाली. आयुष्यात बाबांनी कुणाविरुद्ध तक्रार नाही असं लिहून दिलेलं तिनं आजच पाहिलं.

मुख्य बाई हातात न उघडलेला डबा घेऊन जवळ आली होती. "काय गं, शिव्या दिल्या का त्यानं?"

"नाही."

"मग? करायचं ना बंद?"

"नको," ती डोळे पुसत म्हणाली. "तक्रार मागे घेतलीय."

बाईनं खांदे उडवले आणि ती जेवायला गेली. हिनं ठरलेलं उत्तर पुढे ओढलं. 'आपल्या तक्रारीचं समाधान झाल्याचा आम्हाला आनंद आहे.' ते पाठवलं, आणि त्याखाली रांगेत थांबलेलं पुढचं पत्र उघडलं. कुणीतरी लिहिलं होतं, की मला इतके वाईट पत्ते आयुष्यात कधी आले नव्हते. ठरलेलं वाक्य बोटांवर आलं होतं, पण तिला ते लिहायला जरा वेळ लागला.